मोपेडच्या चौकटीवर विद्युत् मोटर

सायकल आणि मोटारसायकल यांच्या मधोमध उभे असलेले वाहन म्हणजे मोपेड. मोटर आणि पेडल या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले, आणि वाहनाची रचनाही तशीच जोडीव आहे. चौकट सायकलच्या वंशाची, चाके तारांची, पायाखाली पेडल, आणि त्यांच्या जोडीला 50 घन सेंटिमीटरचे लहानसे इंजिन. भारतात या वाहनाला घरोघरी नेण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन नावांकडे जाते. पुण्याच्या कायनेटिक उद्योगाने 1972 साली लूना आणली. तिचा मूळ आराखडा इटलीच्या पियाज्जियो कंपनीच्या चाओ या मोपेडचा होता. पुढे 1980 साली बंगळूरपासून सुमारे 40 किलोमीटरवर, तमिळनाडूच्या हद्दीतील होसूर येथे टीव्हीएस-50 तयार होऊ लागली. दूधवाला, टपालवाला, शिक्षक, लहान दुकानदार अशा असंख्य माणसांची उपजीविका या दोन चाकांवर चालली.

बंगळूरहून होसूरला जाणारा हा रस्ता आता निराळ्या कारणासाठी ओळखला जातो. याच रस्त्यावरील बोम्मसंद्र येथे तयार झालेली रेव्हा ही विजेवर चालणारी छोटी मोटारगाडी 2001 साली बाजारात आली. त्यानंतर विजेच्या दुचाकी बनवणारे मोठे कारखाने होसूर आणि कृष्णगिरीच्या परिसरात उभे राहिले. खुद्द लूनाही 2024 साली विद्युत् रूपात परत आली. अशा वेळी जुन्या मोपेडच्या मालकाच्या मनात एक साधा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. इंजिन थकले आहे, पण चौकट शाबूत आहे. तिच्यावर विजेची मोटर बसवता येईल काय? या प्रकरणात आपण या प्रश्नाचा क्रमाक्रमाने विचार करू. मोटर फिरवणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग आहे, आणि खरी परीक्षा चौकटीची, ब्रेकची व घटमालेची असते, हे वाचकाच्या लक्षात येईल.

शक्ती किती लागते?

प्रथम हिशेब करू. मोपेड, स्वार आणि थोडे सामान मिळून एकूण वजन 125 किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर टायरच्या घर्षणामुळे सुमारे 15 न्यूटन विरोध होतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 25 किलोमीटर वेगाला तो अंदाजे 15 न्यूटन, आणि ताशी 36 किलोमीटरला सुमारे 32 न्यूटन होतो. विरोधाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. त्याप्रमाणे ताशी 25 किलोमीटरसाठी चाकापाशी सुमारे 210 वॅट, तर ताशी 36 किलोमीटरसाठी सुमारे 470 वॅट शक्ती लागते. वेग दीडपटीहूनही कमी वाढला, पण शक्ती दुपटीहून अधिक झाली.

आता चढाचा विचार करू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर, एका पठारी कण्यावर वसलेले आहे. या कण्याच्या एका बाजूचे पाणी वृषभावतीवाटे कावेरीकडे, तर दुसऱ्या बाजूचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. त्यामुळे वरवर सपाट वाटणाऱ्या या शहरात चढउतार सतत येतात. उड्डाणपुलांची त्यात भर पडली आहे. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ घेतला, तर 125 किलो वजनासाठी 61 न्यूटन अधिक बळ लागते. अर्थात् त्याच ताशी 25 किलोमीटर वेगासाठी शक्तीची गरज 210 वॅटवरून सुमारे 635 वॅटपर्यंत जाते. चाकापाशी केवळ 250 वॅट उपलब्ध असतील तर हाच चढ ताशी सुमारे 11 किलोमीटर वेगाने चढता येईल. स्वाराने पेडल मारून आणखी 100 वॅटची भर घातली, तर वेग ताशी 15 किलोमीटरच्या आसपास जाईल. मोपेडला पेडल का दिलेले असते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मोटर कोठे बसवावी?

चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना 31 डिसेंबर 1895 रोजी अशाच विद्युत् सायकलचे पेटंट मिळाले होते. मागच्या चाकात मोटर आणि चौकटीच्या मध्यभागी घटमाला ही त्यांची मांडणी आजही ओळखीची वाटते. त्यांची घटमाला 10 व्होल्टची होती व मोटर 100 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शके. तेवढीच 1,000 वॅट शक्ती 48 व्होल्टवर घेतली तर प्रवाह सुमारे 21 अँपिअर पुरतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे त्याच तारेतील नुकसान जवळजवळ तेवीस पटींनी घटते. लहान विद्युत् वाहनांत 48 व्होल्टचा वापर रूढ होण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

तुंब्यातील मोटर दिसायला सुटसुटीत असते. परंतु मोपेडच्या चौकटीवर ती बसवताना दोन अडचणी येतात. पहिली ब्रेकची. मोपेडच्या मागच्या चाकाचा ड्रम ब्रेक तुंब्यातच सामावलेला असतो. जुना तुंबा काढून मोटर बसवली की तो ब्रेकही निघून जातो. म्हणून ज्या मोटरमध्ये ड्रम अथवा डिस्क ब्रेकची सोय आहे तीच निवडली पाहिजे. केवळ पुढच्या ब्रेकवर विसंबून रस्त्यावर जाणे हे संकटाला निमंत्रण होय. शिवाय मूठ सोडताच पेट्रोलचे इंजिन गाडीला जो मंदावणारा ओढा देते, तोही येथे आपोआप मिळत नाही. ब्रेक दाबताक्षणी मोटरचा प्रवाह खंडित करणारी कळ दोन्ही ब्रेकच्या दांड्यांना जोडणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुसरी अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. साखळीने चाक फिरवले जाते तेव्हा आस स्थिर राहतो आणि त्याला पीळ बसत नाही. तुंब्यातील मोटर मात्र चाकाला पुढे फिरवताना स्वतःच्या आसाला तितक्याच जोराने मागे फिरवू पाहते. शंभर मीटरला दहा मीटर चढ असलेल्या ठिकाणी निघायचे, तर सुमारे 137 न्यूटन बळ लागते. चाकाची त्रिज्या 26 सेंटिमीटर धरल्यास फिरवण्याचा हा जोर, म्हणजे परिबल, सुमारे 36 न्यूटन-मीटर होते. आसाच्या घासलेल्या सपाट बाजू चौकटीच्या खाचेत अडकून हा पीळ थोपवतात. त्या बाजूंमधील अंतर जेमतेम एक सेंटिमीटर असते. त्यामुळे खाचेच्या कडांवर सुमारे 3,600 न्यूटन, म्हणजे 350 किलोहून अधिक वजनाइतका दाब येतो. ही खाच आस जागेवर धरण्यासाठी केलेली असते, पीळ सोसण्यासाठी नव्हे. ती हळूहळू पसरते, आणि एके दिवशी आस गर्रकन फिरून तारा तोडतो व चाक निखळते.

यावर उपाय सोपा आहे. आसाच्या सपाट बाजूंवर घट्ट बसणारी पोलादी पट्टी घ्यावी आणि तिचे दुसरे टोक आसापासून दहा सेंटिमीटरवर चौकटीला पक्के बांधावे. अंतर दहापट झाले की त्या टोकावरील बळ एकदशांश, म्हणजे सुमारे 360 न्यूटन उरते. अशी पट्टी दोन्ही बाजूंना असावी. पट्टी बसवण्यापूर्वी चौकटीचे सांधे, विशेषतः मागच्या नळ्यांचे जोड, गंज खरवडून तपासावेत. जेथे तडा आहे अथवा नळीचा पत्रा गंजाने पातळ झाला आहे, ती चौकट वेल्डिंग करून वापरण्याच्या लायकीची राहिलेली नाही असेच समजावे.

दुसरा मार्ग म्हणजे मोटर इंजिनाच्याच जागी बसवून साखळीने चाक फिरवणे. यात मूळ ब्रेक कायम राहतो, आसाला पीळ बसत नाही, आणि भार चौकटीच्या ज्या भागावर पूर्वी होता तेथेच राहतो. साखळीचा आवाज व देखभाल मात्र पत्करावी लागते. जुन्या चौकटीच्या दृष्टीने पाहता हाच मार्ग अधिक सुरक्षित होय.

घटमालेचा हिशेब

ताशी 25 किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर चाकापाशी प्रतिकिलोमीटर साडेआठ वॅट-तास ऊर्जा लागते. मोटर व नियंत्रक यांतील नुकसान धरून हा आकडा दहा-अकरापर्यंत जातो. थांबत-निघत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत प्रत्येक थांब्याला सुमारे 0.8 वॅट-तास गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. चढ व थांबे लक्षात घेऊन प्रतिकिलोमीटर 20 वॅट-तास धरणे शहाणपणाचे होईल. रोजचा प्रवास 30 किलोमीटरचा असेल तर 600 वॅट-तास लागतील, आणि पाचवा हिस्सा राखून ठेवायचा म्हणजे घटमाला 750 वॅट-तासांची हवी.

शिसे-आम्ल घट वापरले तर एवढ्या ऊर्जेसाठी 20 किलोहून अधिक वजन वाहावे लागते. दीर्घायुष्यासाठी ते अर्धेच रिकामे करावयाचे झाल्यास वजन 35 किलोंपलीकडे जाते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटांची तेवढीच घटमाला सात-आठ किलोंची होते. 3.2 व्होल्टचे पंधरा घट एकापुढे एक जोडले की 48 व्होल्ट होतात, आणि घट 16 अँपिअर-तासांचे असल्यास एकूण साठा 768 वॅट-तास होतो. ही घटमाला इंजिन व टाकी यांच्या रिकाम्या जागेत, दोन चाकांच्या मध्ये आणि शक्य तितकी खाली बसवावी. मागच्या सामानाच्या जाळीवर ठेवलेले वजन वळणावर गाडीला ओढते.

पंधरा घटांपैकी सर्वच सारखे नसतात. भारण करताना दुबळा घट आधी भरतो व त्यात मर्यादेपलीकडे प्रवाह घुसतो. वापरताना तोच आधी रिकामा होतो. अशा घटात उष्णता साचून आग लागू शकते. म्हणून प्रत्येक घटाचा व्होल्टेज पाहून प्रवाह तोडणारे संरक्षक मंडल आणि घटमालेच्या तोंडाशीच एक फ्यूज, या दोन गोष्टींना पर्याय नाही. 2022 साली देशात विजेच्या स्कूटरांना आगी लागल्याच्या अनेक घटना घडल्या. त्यानंतर घटमालांच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. कारखान्यात तयार झालेल्या घटमालांची ही कथा असेल, तर सुट्या, अनोळखी घटांची घरी जुळवलेली घटमाला रात्रभर दाराजवळ किंवा जिन्याखाली भारण करीत ठेवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

लाभ किती?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9,000 वॅट-तास ऊर्जा असते. लिटरला 55 किलोमीटर जाणारी मोपेड प्रतिकिलोमीटर सुमारे 160 वॅट-तास खर्च करते. विद्युत् मोपेडला त्यासाठी 20 पुरतात. अर्थात् ही तुलना अपुरी आहे, कारण वीजही कोठेतरी निर्माण व्हावी लागते. कोळशाच्या केंद्रात इंधनातील सुमारे एकतृतीयांश ऊर्जाच विजेत उतरते. वहन आणि भारण यांतही काही भाग गळतो. ते सारे जमेस धरले तरी प्रतिकिलोमीटर खर्च 80 वॅट-तासांच्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या निम्मा राहतो. जलविद्युत्, सौर किंवा पवनऊर्जा वापरल्यास लाभ आणखी वाढतो. बंगळूरच्या रस्त्यांवर 1905 साली पेटलेले विजेचे दिवे कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत् केंद्राच्या विजेवर उजळले होते, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे.

कायद्याची मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मोटरची तीस मिनिटे सतत मिळणारी शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी आणि वाहनाचा कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तशी खात्री केली असेल, तर ते विद्युत् वाहन मोटार वाहन गणले जात नाही. आपण वर काढलेला 210 वॅटांचा आकडा या मर्यादेच्या आतच बसतो. चढावर पुरे पडणारे 635 वॅट मात्र तिच्या बाहेर जातात.

परंतु जुनी मोपेड ही आधीच नोंदलेले मोटार वाहन आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही. इंजिनाऐवजी विद्युत् मोटर बसवायची तर संच मान्यताप्राप्त असला पाहिजे, आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात झाली पाहिजे. अशा संचांची चाचणी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या संस्था करतात. ही नोंद नसेल तर अपघातप्रसंगी विम्याचे संरक्षण नाकारले जाण्याचा संभव असतो, आणि त्याची झळ स्वाराइतकीच रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसालाही बसते.

तात्पर्य, जुन्या मोपेडचे विद्युतीकरण शक्य आहे, ऊर्जेच्या दृष्टीने लाभाचे आहे, आणि त्यामागील विज्ञान शाळेतील भौतिकशास्त्रापलीकडचे नाही. ज्याला ते समजून घ्यायचे आहे त्याने कार्यशाळेत चाक अधांतरी ठेवून मोटर फिरवावी, प्रवाह मोजावा, वरील आकडे पडताळून पाहावेत. रस्त्यावर उतरण्यापूर्वी मात्र चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात: चौकट निर्दोष आहे काय, दोन्ही ब्रेक काम देतात काय, घटमालेला संरक्षण आहे काय, आणि बदलाला मान्यता आहे काय. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आल्यास मोटर कितीही जोरकस असली तरी वाहन तयार झाले असे म्हणता येणार नाही.