बहुभाषिक कुटुंबातील बालकाची मराठी : ‘एक व्यक्ती, एक भाषा’ या तत्त्वाचा पुनर्विचार

‘मातृभाषा’ ही संज्ञा योजताना एक आई, एक घर आणि एक भाषा असे समीकरण आपण नकळत गृहीत धरतो. वडील मराठीभाषक, आई कन्नडभाषक, शेजार हिंदीचा आणि शाळा इंग्रजीची, अशा कुटुंबात हे समीकरण टिकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे २६ टक्के लोकांना किमान दोन भाषा अवगत आहेत. अशा घरातील बालकाला मराठी कशी येते आणि ती कशामुळे टिकते, हा प्रश्न बालमानसशास्त्राइतकाच मराठीच्या अभ्यासकाचाही आहे.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ सामान्यतः फ्रेंच भाषावैज्ञानिक झ्यूल रोंझा यांच्या १९१३ च्या ग्रंथापासून मानला जातो. रोंझा यांची पत्नी जर्मनभाषक होती. पित्याने मुलाशी केवळ फ्रेंच व मातेने केवळ जर्मन बोलावे, हा मोरिस ग्रामों यांचा सल्ला त्या दांपत्याने कटाक्षाने पाळला. मुलगा लुई याला दोन्ही भाषा उत्तम आल्या. पुढे वेर्नर लेओपोल्ड यांनी आपली कन्या हिल्डेगार्ड हिच्या जर्मन-इंग्रजी भाषाविकासाची नोंद १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केली. या अभ्यासांतून ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे तत्त्व रूढ झाले.

या तत्त्वामागे भाषामिश्रणाची भीती असते. बालकाच्या मनात आरंभी एकच संमिश्र भाषाव्यवस्था असते, असे प्रतिपादन व्होल्तेर्रा व तेश्नर यांनी १९७८ मध्ये केले होते. फ्रेड जेनेसी यांनी १९८९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. बालकाचे मिश्रण हा गोंधळाचा पुरावा ठरत नाही. भोवतालची माणसे किती मिश्रण करतात हेही पाहावे लागते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. मिश्रणाच्या भयापोटी घरातील एक भाषा बंद करणाऱ्या पालकांच्या निर्णयाला त्यामुळे शास्त्रीय आधार उरत नाही.

तथापि, हे तत्त्व मराठीला लावताना एक अडचण उद्भवते, आणि ती मराठीच्या व्याकरणातच आहे. जर्मन भाषेत ‘मी जातो’ या अर्थाचे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलत नाही. कन्नडमध्येही प्रथमपुरुषी क्रियापद लिंगभेद दाखवीत नाही. प्रमाण मराठीत मात्र ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ असा भेद अनिवार्य आहे. घरात मराठी बोलणारे एकटे वडीलच असतील, तर मुलीच्या कानी प्रथमपुरुषाची केवळ पुल्लिंगी रूपे पडतात. तिने ‘मी जातो’ म्हटले, तर ऐकले त्याचेच ते प्रामाणिक अनुसरण होय. तिला ‘मी जाते’ ऐकवण्यासाठी आजी, आत्या किंवा मराठी बोलणारी एखादी शेजारीण हवी. (कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही ‘मी जातो’ म्हणतात. त्यामुळे असे प्रत्येक रूप परभाषेच्या प्रभावाचे मानणेही चुकीचे ठरेल.)

हीच गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ऐकणाऱ्याला वगळणे व सामावून घेणे हा भेद हिंदीतील ‘हम’ किंवा कन्नडमधील ‘नावु’ यांत दिसत नाही. तो कळण्यासाठी किमान तीन मराठीभाषक माणसांचे संभाषण ऐकावे लागते. आजीला ‘तू’, आजोबांना ‘तुम्ही’ आणि परक्याला ‘आपण’ ही आदरार्थाची उतरंडदेखील एकाच व्यक्तीशी बोलून उमगत नाही. याउलट ‘पुस्तक’ हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी असल्याने ‘पुस्तक मिळाली’ असे रूप बालकाच्या तोंडी येते, आणि ते मात्र पुरेशा मराठी श्रवणाने सहज सुधारते. थोडक्यात, मराठीच्या काही कोटी नात्यांच्या जाळ्यातूनच आत्मसात होतात.

आन्निक द हौवर यांनी २००७ मध्ये फ्लांडर्समधील सुमारे १,९०० कुटुंबांच्या पाहणीतून वेगळ्या मार्गाने असाच निष्कर्ष काढला. घरात डचखेरीज अन्य भाषा बोलली जात असूनही सुमारे चतुर्थांश कुटुंबांत मुले ती भाषा बोलत नव्हती. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे तत्त्व त्यासाठी आवश्यकही नव्हते आणि पुरेसेही नव्हते. दोन्ही पालकांनी घरात अल्पसंख्य भाषा वापरणे अधिक निर्णायक ठरले.

भारतीय अनुभव याला पूरक आहे. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू दीर्घकाळ एकत्र नांदल्याने त्यांची वाक्यरचना परस्परांच्या अगदी जवळ आली. शब्दसंग्रह मात्र वेगळा राहिला. घरची भाषा हे समाजाच्या ओळखीचे चिन्ह असल्याने ती सोडली गेली नाही. येथे भाषांची वाटणी व्यक्तीनुसार नसून प्रसंगानुसार होती. धारवाडचे द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) हे याचे वाङ्मयीन उदाहरण होय. घरात मराठी असलेले बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले, १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तरीही त्यांनी मराठीत लेखन केले.

यावरून महाविद्यालयीन अध्यापनासाठी एक सूचना निघते. अहिराणी, गोंडी, कोकणी वा कन्नड घरातून आलेल्या विद्यार्थ्याच्या लेखनातील रूप तपासताना, ते शुद्ध की अशुद्ध याआधी, त्याने मराठी कोणाकोणाच्या तोंडून ऐकली हे विचारावे. त्या उत्तराशिवाय केलेली दुरुस्ती रूप बदलते. पण ज्या अभावातून ते रूप आले, तो अभाव तसाच राहतो.