काळजीनें थकलेल्या शरीराच्या खुणा



पाणी कमी पडूं लागलें म्हणून उभें पीक एका दिवसांत वाळत नाहीं. आधीं भर दुपारीं पानें मलूल दिसतात, संध्याकाळीं पुन्हां ताठ होतात. जाणता शेतकरी त्या दुपारच्या पानांवरूनच काय तें ओळखतो. मनुष्याच्या शरीराचेंही असेंच आहे. फार दिवस चाललेल्या काळजीचा भार शरीर प्रथम लहान लहान खुणांनीं कळवितें, आणि ह्या खुणा इतक्या रोजच्या असतात कीं त्यांकडे कोणी लक्ष देत नाहीं. त्या कोणत्या, व त्या कां उठतात, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील लोकांस हा विषय परका नाहीं. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ ह्या तालुक्यांत पावसाची वाट पाहण्यांत पिढ्या गेल्या; कृष्णाकांठीं मात्र २००५, २०१९ व २०२१ सालीं पाणी नको इतकें आलें. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर गेलें. पाटण तालुक्यांत ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला, सुमारें १८० माणसें दगावलीं, आणि त्यानंतरही तेथें वर्षानुवर्षें लहान धक्के बसत राहिले. त्याच तालुक्यांत जुलै २०२१ मध्यें आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळल्या. संकट येऊन जातें, पंचनामा होतो, भिंतीवरची पाण्याची रेघ चुन्याखालीं झांकली जाते; परंतु शरीर आपला पहारा उठवीत नाहीं. पुढच्या जुलैंत पत्र्यावर पाऊस वाजूं लागला कीं तें पुन्हां जागें होतें. शिवाय कर्ज, सासरचा जाच, अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा, हीं संकटें अशीं कीं त्यांचा पंचनामा कधींच होत नाहीं.

हा पहारा म्हणजे काय? वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, भय उत्पन्न होतांच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करितें. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून एक तीव्र रस रक्तांत मिसळतो. हृदय जोरानें चालतें, स्नायू ताठतात, रक्तांत साखर वाढते व पचनाचें काम मंदावतें. लाळसुद्धां आटते, तोंडचें पाणी पळालें असें आपण म्हणतों तें अक्षरशः खरें आहे. बांधावर नाग दिसला असतां ही तयारी जीव वांचविते, आणि नाग गेला कीं थोड्या वेळांत सर्व पूर्ववत् होतें. पुढें हॅन्स सेल्ये यांनीं कॅनडांतील माँट्रियल येथें उंदरांवर प्रयोग करून १९३६ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, त्रास थंडीचा असो, जखमेचा असो वा विषाचा असो, शरीरांत सारखेच बदल होतात: त्या ग्रंथी फुगतात, रोगाशीं झगडणाऱ्या ग्रंथी आकसतात, जठरांत व्रण पडतात. बँकेच्या हप्त्याचा नाग बांधावरून निघून जात नाहीं. शरीर महिनोन्महिने त्याचा फणा पाहत बसतें, व त्या पाहण्यांतच झिजतें.

आतां खुणा पाहूं. सर्वांत विश्वासाची खूण झोपेची. अंथरुणावर पडतांच डोळा लागतो, परंतु रात्रीं दोन-तीनच्या सुमारास खाड्कन जाग येते व मग तोच हिशेब पुन्हां पुन्हां मनांत फिरतो. रात्रपाळीची वीज आली म्हणून मोटर चालू करावयास उठणें निराळें. वीज नसलेल्या आठवड्यांतही त्याच घटकेस जाग येत असेल तर ती खूण समजावी. कॉर्टिसॉल नांवाचा रस स्वभावतः पहांटे वाढून आपणांस उठवितो व रात्रीं उतरतो. दीर्घ काळजींत हा क्रम बिघडूं शकतो. म्हणून माणूस सकाळीं दमलेला उठतो आणि रात्रीं, जेव्हां विसावा घ्यावयाचा, तेव्हां त्याचे डोळे टक्क उघडे असतात. पुष्कळ लोक ह्यास म्हातारपण म्हणतात. तिशीच्या माणसाला कसलें म्हातारपण!

दुसरी खूण स्नायूंत राहते. सकाळीं जबडा अवघडलेला, दाढा हळव्या व कानशिलें ठणकत असलीं, तर झोपेंत दांतांवर दांत घट्ट आवळले जात असावेत. खांदे कानांकडे चढतात, मान ताठते. हें स्वतःला कळत नाहीं, घरच्या माणसाला मात्र पाठीमागून दिसतें. हा पाठ वाचतांनाच पाहावें: आपले दांत एकमेकांस टेकले आहेत काय? स्वस्थ जबड्यांत ओठ मिटलेले असले तरी वरचे व खालचे दांत किंचित् दूर असतात. भारा वाहणाऱ्याची मान कामानेंही दुखते. पण कामाचें दुखणें बहुधा विसाव्यानें उतरतें, काळजीचें दुखणें सुट्टीच्या दिवशींही तसेंच राहतें.

पोटाविषयीं फार सांगावयास नको. पोटांत गोळा येणें हा आपला जुनाच शब्द आहे. बँकेंत किंवा कचेरींत जावयाच्या दिवशीं दोन वेळां परसाकडे जावें लागणें, घास तोंडांत फिरत राहणें, छातींत जळजळणें, अथवा भूक नसतां गोड व तेलकट खावेंसें वाटणें, हीं सारीं त्याच घरचीं. वारंवार उसासा टाकणेंही त्यांतलेंच.

वागणुकींतील खुणांना लोक खूण न म्हणतां दोष म्हणतात, आणि येथेंच मोठी चूक होते. मशेरी पूर्वीं सकाळीं एकदां लागे, ती आतां चार वेळां लागते. तंबाखूची पुडी संध्याकाळच्या आंत संपते. मुलाच्या हातून तांब्या पडला कीं हात उगारला जातो, आणि मागून वाईट वाटतें. विळा कोठें ठेविला तें आठवत नाहीं. दुकानांत गेल्यावर काय आणावयाचें होतें तें सुचत नाहीं. स्त्रियांच्या खुणा तर घरांत सर्वांत उशिरां लक्षांत येतात. ऊंसतोडीच्या हंगामांत बीडकडून ह्या जिल्ह्यांत येणाऱ्या टोळींतील बाई पहांटेच्या अंधारांत फडांत उतरते व सायंकाळीं खोपीवर येऊन चूल पेटविते. विचारलें तर अंग दुखतें एवढेंच सांगते. तेवढ्यावर तिला गोळी देऊन परत पाठविणें सोपें असतें. अंग केव्हांपासून दुखतें, झोप येते काय, घरीं कोण आहे, हें विचारणारा विरळा.

मोठ्या धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनीं केस मूठमूठ गळूं लागतात. पाळी मागें-पुढें होते. सर्दी लवकर हटत नाहीं.

परंतु सावध असावें. ह्याच खुणा दुसऱ्या रोगांच्याही असतात. थकवा व धडधड हीं रक्त कमी असल्यानें किंवा गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीच्या बिघाडानें होतात. रात्रीं लघवीसाठीं वारंवार उठणें मधुमेहांत होतें. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा बारीक ताप व उतरणारें वजन ह्यांवरून क्षयाची शंका घ्यावी. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन रक्त, साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. रक्तदाब तर पुष्कळदां कांहींच खूण न देतां वाढतो. छातींत दाब, हातांत किंवा जबड्यांत कळ व थंड घाम असें एकत्र झालें तर काळजीचें नांव न घेतां त्याच घटकेस १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलट, तपासणींत कांहीं निघालें नाहीं म्हणून दुखणें खोटें ठरत नाहीं. तें सोंग नव्हे.

घरोघर भेटीस जाणाऱ्या उपदेशक बंधुभगिनींस एक विनंति. अशा मनुष्यास "तुझा विश्वास कमी पडला" असें म्हणूं नये. तें ऐकून तो खुणा लपवूं लागतो, आणि ओझ्यावर ओझें चढतें. त्यापेक्षां झोप कशी लागते एवढेंच विचारावें व मग गप्प बसावें. बहुतेक लोक दुसऱ्या मिनिटास बोलूं लागतात. कर्जाचा आंकडा तोंडानें न सांगतां कागदावर लिहून दोघांनीं मिळून पाहिला तर पुष्कळदां रात्रीचें फिरणारें चक्र थोडें मंदावतें. श्वास सावकाश सोडीत जावा. घेण्यापेक्षां सोडण्यास अधिक वेळ लाविला म्हणजे हृदयाची गति उतरते. हें भाताचें खाचर लावतांना वाकूनही करितां येतें. रात्रीं जाग आली तर घड्याळ पाहूं नये.

आणि कोणी "आतां नको झालें" असें म्हणाला, किंवा अकारण निरवानिरव करूं लागला, तर जीव देण्याचा विचार येतो काय हें त्यास स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जात नाहीं. त्यास त्या रात्रीं एकटें ठेवूं नये. फवारणीचें औषध घरांत असेल तर तें त्याच दिवशीं शेजाऱ्याकडे कुलपांत ठेवावें. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, मराठींत व विनामूल्य बोलतां येतें. त्याला स्वतःला फोन लावणें जमत नसेल तर तुम्हीं लावून त्याच्या हातांत द्यावा.