अबोल झालेला विद्यार्थी

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अशा आघातानंतर काही मुले रडतात, काही चिडतात आणि काही एकाएकी फार शहाणी होतात. वर्गास त्रास न देणाऱ्या या शेवटच्या मुलांकडेच आपले लक्ष जात नाही.

आघात भूकंपाचाच असतो असे नाही. कंधार-मुखेडकडील आईबाप ऊसतोडीस जातात. मूल आजीपाशी राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन क्रिया सांगितल्या आहेत : पाहणे, ऐकणे व जोडून देणे. पैकी ऐकणे आपणांस जड जाते, कारण आपला व्यवसायच सांगण्याचा! मुलास बाजूस घेऊन ‘अलीकडे गप्प दिसतोस, बाळ’ एवढेच म्हणावे आणि थांबावे. उपदेश करू नये.

मरणाचा विचार येतो काय, असे स्पष्ट विचारल्याने तो मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलास बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलास एकटे सोडू नये. घरच्या विश्वासू माणसास बोलवावे व त्याच दिवशी १४४१६ या टेली-मानसच्या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. ही सेवा २०२२ पासून अहोरात्र चालू आहे.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला आहे काय, हे हजेरीची वाट न पाहता पाहावे.