राजवेष आणि राजा

छायाचित्रणाची कला अवगत होण्यापूर्वी दूरदूरच्या लोकांना आपल्या राजाचे दर्शन कसे घडत असे? युरोपात ते बहुधा छापील चित्रांतून घडे. प्रथम चित्रकार राजाचे तैलचित्र रंगवी. मग कुशल कारागीर ते चित्र अणकुचीदार हत्याराने तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढी. कोरलेल्या रेघांत शाई भरून पत्र्यावर ओलसर कागद दाबला, की चित्र कागदावर उमटे. एकाच पत्र्यापासून अशा अनेक प्रती निघत.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे असेच एक चित्र प्रसिद्ध आहे. मूळ तैलचित्र इयासिंत रिगो याने १७०१ मध्ये रंगविले. लुईचा नातू तेव्हा नुकताच स्पेनचा राजा झाला होता. त्याला ते भेट म्हणून पाठवावयाचे होते. परंतु लुईला ते इतके आवडले, की त्याने ते स्वतःजवळच ठेवून घेतले. पुढे पिअर द्रव्हे या कारागिराने ते तांब्यावर कोरले.

छापील चित्रात रंग नव्हते. तरीही हा राजा आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नसे. पायघोळ झग्यावर राजघराण्याचे चिन्ह असलेली लिलीची फुले होती. झग्याला आतून शुभ्र, मौल्यवान फर लावलेली होती. तिच्यावरील प्रत्येक काळा ठिपका म्हणजे एकेका लहानग्या प्राण्याच्या शेपटीचे टोक! कमरेला तलवार, हातात राजदंड, मस्तकावर कुरळ्या केसांचा भव्य टोप आणि पायांत उंच टाचांचे जोडे, असा तो थाट होता. त्या वेळी लुईने साठी ओलांडली होती. पण त्या थाटात त्याचे वार्धक्य झाकून गेले.

या थाटाचे मर्म कलकत्त्यास जन्मलेल्या थॅकरे या इंग्रज लेखकाने १८४० मध्ये एका व्यंगचित्रातून उघड केले. त्यात तीन आकृती आहेत. पहिली आहे नुसता राजवेष. आत माणूसच नाही. दुसरी आहे टक्कल पडलेला, ठेंगणा म्हातारा. तिसऱ्या आकृतीत त्याच म्हाताऱ्याने तो वेष चढविला आहे, आणि तो एकदम महाराज दिसू लागला आहे!

१७१५ मध्ये लुई मरण पावला, तेव्हा त्याच्या दीर्घ युद्धांमुळे फ्रान्स कर्जात बुडालेला होता. चित्रातील त्या भरजरी झग्यावर मात्र या कर्जाची एकही रेघ नाही. वेष पदाची ओळख करून देतो. माणसाची ओळख त्याच्या कृतीवरूनच पटते.