बेटावर कॅफे? आधी पावसाळ्याचा हिशेब!

वर्ध्याच्या बॅचमध्ये एकाने विचारलं, "सर, इथलं दुकान बंद करून गोव्यात दिवाडी बेटावर निवांत कॅफे टाकू का?"

टाका की! पण दिवाडीला रायबंदर किंवा जुने गोव्याहून मांडवी ओलांडायची म्हणजे फेरीबोट. दूध, सिलिंडर, गिऱ्हाईक, सगळं तिच्यावर. जून ते सप्टेंबर पाऊस, पर्यटक कमी. समजा भाडं, पगार, वीज मिळून महिना ३० हजार. चार महिन्यांचे झाले १ लाख २० हजार, तेही गल्ला रिकामा असताना! (बीबीए करूनही हे मला दुकानात मंदी आल्यावरच कळलं.) एवढी रक्कम वेगळी ठेवली का? नसेल तर वर्ध्याचं शटर पाडू नका. डिसेंबरात नाही, जुलैत आठ दिवस तिथे राहून या. सकाळच्या फेरीबोटीत गावकरी काय विकत आणतात, ते वहीत लिहा.