ओवा : अंगणातले पीक आणि त्याचे माप

वाचन : यशया 28:23-29



या वचनांत यशया शेतकऱ्याचे उदाहरण देतो. शेतकरी कायम नांगरतच राहत नाही. जमीन सपाट करून तो प्रत्येक बी त्याच्या जागी पेरतो. जिऱ्यावर मळणीच्या गाडीचे चाक फिरवत नाही, ते काठीने झोडतो. हे शहाणपणही परमेश्वराकडूनच येते, असे संदेष्टा सांगतो. चोपडा आणि शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर परसबागेचे काम करताना मला हे वचन ओव्याच्या वाफ्यापाशी आठवते. ओवा जिऱ्याच्याच कुळातला.

परदेशी स्वयंपाकात थाइम नावाची सुगंधी वनस्पती वापरतात. तिच्यातले थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असते. म्हणून आम्ही अंगणासाठी ओवाच निवडतो. तो थोड्या पाण्यावर येतो आणि त्याचे बी घरातच असते.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. जागा उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी हवी. बी फार बारीक, म्हणून त्यात कोरडी माती किंवा राख मिसळून उथळ ओळींत पेरावे आणि वर पातळ मातीच घालावी. खोल गेलेले बी उगवत नाही. उगवायला दोन आठवडे लागू शकतात, तोवर वाफा ओलसर ठेवावा. पुढे हलके पाणी पुरते. पाणी साचले तर मुळे कुजतात. दाणे तपकिरी झाले की झाडे कापून सावलीत वाळवावीत आणि काठीने हलकेच झोडावीत. ओवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, नाहीतर वास उडून जातो. गवारीची भाजी, भजी, शेव यांना वर्षभर घरचा ओवा होतो.

या दाण्याची आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जर्मनीला जाई व तिथे त्यापासून थायमॉल काढत. अमेरिकेच्या दक्षिण भागात 1909 पासून गरीब, अनवाणी माणसांतला अंकुशकृमी काढण्यासाठी हेच थायमॉल दिले गेले. पण मात्रा चुकली तर ते विषारी ठरे. आज त्याहून सुरक्षित गोळी आहे आणि ती अंगणवाडीत व शाळेत फुकट मिळते.

म्हणून पाड्यावरच्या आयांना आम्ही दोन्ही गोष्टी शिकवतो. मोठ्या माणसाला जेवणानंतर पोट जड वाटले तर चिमूटभर ओवा चालेल. पण बाळाला जुलाब लागले तर ओव्यावर वेळ घालवू नये. आईचे दूध चालू ठेवावे, क्षार-संजीवनीचे पाकीट आणावे आणि आशाताईंना बोलवावे. बाळ सुस्त पडले, पीत नसले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर त्याच घडीला दवाखाना गाठावा. पाड्यापासून दवाखाना लांब असतो, म्हणूनच उशीर परवडत नाही.

चाक कुठे आणि काठी कुठे, हे शेतकऱ्याला देव शिकवतो. घरगुती उपाय कुठवर आणि दवाखाना कधी, हे ओळखण्याची बुद्धीही त्याच्याकडूनच मिळते. पाड्यांवरच्या आयांना ती वेळेवर मिळावी आणि आजारी बाळाला रात्री दवाखान्यात नेणारे वाहन मिळावे, यासाठी या तिमाहीत आपल्या मंडळीत प्रार्थना करावी, ही विनंती.