प्रयोगशाळेंतील पाणबेडूक

दक्षिण आफ्रिकेंतील झेनोपस नांवाचा नखधारी बेडूक जन्मभर पाण्यांतच राहतो. त्याच्यावरील १९६२ सालच्या प्रयोगांमुळें जॉन गर्डन २०१२ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

प्रयोगशाळेंत त्याची निगा कशी राखावी, तें आपण पाहूं. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन काढून मगच तें पाणी टांकींत सोडावें. कारण बेडकाची त्वचा पाण्यांतील विष सहज शोषते. पाण्याचें उष्णमान सुमारें १८ अंश सेंटिग्रेड ठेवावें. उरलेलें खाद्य लागलीच काढावें. तें कुजून अमोनिया होतो. बेडूक श्वासासाठीं वर येतो, म्हणून झांकणाखालीं हवा खेळती असावी.

आजारी प्राण्यावरील प्रयोगाचें उत्तरही फसवें निघतें. शिवाय या मुक्या जीवास तक्रार करितां येत नाहीं. त्याचें दुःख ओळखणें हें आपलेंच कर्तव्य होय.